वहीतला आकडा

"पाखरं पडली रं!" ही हाक आली की आम्हा भावंडांनी हातातली भाकरी तशीच ठेवून माळ्याकडे धावायचे, हा आमच्या घरचा नियम होता. शाळू हुरड्यात आला की भोरड्यांचे थवे येत. आधी आभाळात एक काळा ढग वळवळताना दिसे, मग तो एकदम खाली उतरे आणि कणसाकणसावर नुसता कलकलाट! अक्षरे गिरवायच्या आधी मी गोफण फिरवायला शिकलो. ह्या भोरड्या थेट मध्य आशियातून येतात आणि आपल्या मुलखात टोळ-नाकतोडे खाऊन तिथल्या शेतकऱ्याचे भले करतात, असे तेव्हा कोणी सांगितले असते, तर मी त्याच्याच दिशेने एक दगड भिरकावला असता.

असा हा गोफणवाला पोरगा पक्षीनिरीक्षकांच्या बैठकीत जाऊन बसला, त्याला कारण झाली प्रथम वर्षाची प्रकल्पवही. पर्यावरणाच्या सरांनी प्रत्येकाला एकेक विषय दिला. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, त्यामुळे प्रकल्प कसा लिहितात हे घरी विचारायची सोय नव्हती. वडिलांना तो शब्द एकाच अर्थाने ठाऊक होता : प्रकल्पग्रस्त.

आमचे जुने गाव भीमेच्या काठी होते. १९८० साली उजनीचे धरण पूर्ण झाले आणि गाव यशवंतसागराच्या पोटात गेले. उन्हाळ्यात पाणी ओसरले की पळसदेवचे जुने देऊळ वर येते. ते पाहायला लोक गाड्या करून येतात, फोटो काढतात. आमच्या गावाचे देखणे असे काही नव्हते. एखाद्या दुष्काळी सालात विहिरीचे चार दगड आणि चिंचेचा बुंधा दिसतो, एवढेच. आमचे आजोबा – आम्ही त्यांना आबा म्हणतो – ओट्यावर नेहमी पाण्याकडे पाठ करून बसतात. लहानपणी मला वाटे, उन्हामुळे बसत असतील.

फाट्यावरच्या चहाच्या टपरीत दिवाळी ते होळी दर रविवारी अकरा वाजता ही बैठक भरते. निवृत्त प्राथमिक शिक्षक असलेले गुरुजी, दवाखान्यातले कंपाउंडर काका, दूध संकलन केंद्रावरचा एक दादा आणि नावाडी मामा, हे कायमचे सभासद. मामा रात्री जाळी टाकतात आणि दिवसा भिगवणच्या बाजूला पाहुण्यांना होडीतून रोहित दाखवतात. अधूनमधून शहरातून एक प्राध्यापक येतात. त्यांची तिपाईवरची दुर्बीण आली की टपरीवाला त्यांच्या चहात आले जास्त घालतो, असा आमचा संशय आहे.

बैठकीची रीत अशी. प्रत्येकाने आठवड्यात काय पाहिले ते सांगायचे आणि गुरुजींनी ते लांब पुठ्ठ्याच्या वहीत उतरवायचे. पण माणसे काही नुसती पाखरांवर बोलत नाहीत. म्हणून वहीचे एखादे पान असे दिसते : 'थापट्या बदके २००. चक्रवाक १४, सर्व जोडीने. कंपाउंडरच्या मुलीचे ठरले, इंदापूर. मीनखाई घार १, पलीकडच्या खांबावर, पायात मासा. मामांच्या होडीला नवी फळी.' पहिल्या दिवशी मला हसू आले. मी गुरुजींना विचारले, ह्यातले पक्ष्यांचे वेगळे का काढत नाही? ते म्हणाले, "कुणी पाहिलं, तो त्या दिवशी कशात होता, हे नको का कळायला?"

मोबाईलवरही त्यांचा एक समूह आहे. पण गुरुजींच्या मते मोबाईलवर माणूस पाखरू उडायच्या आत बोलून मोकळा होतो. वहीत यायचे तर आठवडाभर लक्षात राहिले पाहिजे!

ह्या लोकांत मी पुष्कळ शिकलो. धरण तुडुंब असले की रोहित उशिरा का येतात, ते मामांनी दाखवले. रोहिताचे पाय लांब खरे, पण त्याला चोच उलटी करून पाण्यातले शेवाळ नि बारीक जीव गाळून खायचे असतात, म्हणून त्याला उथळ पाणी आणि गाळ लागतो. काठ उघडा पडल्याशिवाय तो उतरायचा कुठे? काळ्या अंगाच्या आणि कपाळावर पांढरा टिळा असलेल्या पाणपाखराला वारकरी म्हणतात, हेही मामांकडूनच कळले. तुकोबांची पालखी जिथून जाते त्या तालुक्यात राहून मला हे ठाऊक नव्हते. मी प्रकल्पात त्याचे इंग्रजी नाव लिहिले होते, स्पेलिंग दोनदा खोडून.

यंदाच्या पहिल्या बैठकीत गुरुजींनी खाकी कव्हर घातलेला 'पक्षिकोश' टेबलावर ठेवला. मारुती चितमपल्ली १८ जून २०२५ रोजी सोलापुरात वारले, त्यानंतरची ही पहिलीच बैठक. त्यांचा जन्मदिवस ५ नोव्हेंबरचा आणि सालिम अलींचा १२ नोव्हेंबरचा. ह्या दोन तारखांमधला आठवडा महाराष्ट्रात २०२० पासून पक्षी सप्ताह म्हणून पाळतात. गुरुजी काही बोलले नाहीत. सगळ्यांचा चहा गार झाला. मग कंपाउंडर काकांनी आपली शेकाट्यांची संख्या सांगितली आणि बैठक सुरू झाली.

आता मूळ गोष्टीकडे येतो. ती लिहावी की नाही, ह्यात माझे आठ दिवस गेले आहेत.

जानेवारीत पाणपक्ष्यांची गणना असते. आशियातल्या कितीतरी देशांत ती होते, आपल्याकडे १९८७ पासून. थोड्या दिवसांत सगळीकडची पाणथळे मोजायची म्हणजे तेच थवे पुन्हा पुन्हा मोजले जाण्याचा धोका कमी होतो, अशी त्यातली युक्ती. यंदा आमच्या वस्तीखालचा काठ गुरुजींनी मला दिला. माझ्या एकट्याच्या नावावर! तिथे पट्टकादंब बसतात. राखाडी अंगाचा, पांढऱ्या डोक्यावर दोन काळ्या पट्ट्या असलेला हा हंस लडाख, तिबेट, मंगोलियातल्या उंच सरोवरांवर वीण करतो आणि हिमालय ओलांडून आमच्या गाळावर येऊन बसतो. मंगोलियात ह्यांच्यापैकी काहींच्या गळ्यात अक्षरे-आकडे असलेले पट्टे घालतात आणि ते पट्टे भारतात वाचले गेले आहेत. तसा एखादा पट्टा आपल्याला दिसावा, असे स्वप्न मी आठ दिवस पाहत होतो.

आदल्या रात्री गव्हाला पाणी द्यायची पाळी आमची होती. वीज रात्रीची. वडिलांची कंबर धरलेली, म्हणून दारे धरायला मी गेलो. पहाटे चारला चिखलाच्या पायांनी अंथरुणावर पडलो आणि उठलो तो साडेनऊला. काठ गाठून मोजून फाट्यावर पोचणे शक्य नव्हते. 'झोपलो, जमले नाही' असे सांगणे शक्य होते. पण मला कॉलेजातल्या पोराची अब्रू राखायची होती.

सायकलवर पायडल मारता मारता मी आकडे जमवले. शेकाट्या २६. थापट्या ११०. पट्टकादंब ३४०. ह्यात मी मोठी हुशारी केली होती : साडेतीनशे म्हटले असते तर अंदाजाने सांगितल्यासारखे वाटले असते.

आकडा ऐकताच टपरी उजळली. आदल्या वर्षी त्या काठावर शंभरही नव्हते. शहरातल्या प्राध्यापकांनी माझा हात हातात घेतला. गुरुजींनी तो आकडा इतर आकड्यांपेक्षा जरा ठसठशीत काढला. "पोरानं काठ राखला," ते म्हणाले. त्या दिवशीचा चहा मला फुकट मिळाला, आणि तो मी प्यायलोही.

संध्याकाळी आबांनी नेहमीप्रमाणे विचारले, "काय काय लिवलं आज?" पाण्याकडे न पाहणारे आबा दर रविवारी ही चौकशी मात्र करत. मी आकडा सांगितला.

"मोजली?"

"मोजली."

त्यांनी मान हलवली आणि त्यांची ती गोष्ट सुरू केली. आम्ही नातवंडे तिला कंटाळलेली आहोत. जमिनीच्या मोजणीला आलेला माणूस लिंबाखाली बसला, तांब्याभर ताक प्याला आणि बांधावर पाय न ठेवता कागदावर आंब्याची झाडे नऊ मांडून गेला. "बावीस व्हती. बावीस. एकेकाला नाव व्हतं." ह्या वाक्यावर आम्ही नेहमी एकमेकांकडे बघून हसत असू. त्या संध्याकाळी मी ताटातले पिठले कालवत राहिलो.

पुढच्या रविवारी शहरातून दोन गाड्या आल्या, माझे ३४० कादंब पाहायला. काठावर साठेक होते. "रात्री हरभऱ्यात चरायला जातात, तिकडंच राहिले असतील," मी म्हणालो. एका खोट्याला दुसऱ्याचा टेकू. मामा चहाच्या पेल्यात बघत होते.

परतताना त्यांनी मला बांधावर थांबवले. "त्या दिशी पहाटं म्या त्याच काठाला जाळं काढत व्हतो. साठ-पासष्ट बसली व्हती. तू कुटं व्हतास?"

मी काहीच बोललो नाही.

"म्या काय कुणाला सांगणार न्हाई," मामा म्हणाले. "वही तुमची हाय."

तुमची! दोन वर्षे मी त्यांच्याच होडीत बसून नावे शिकलो होतो. पण लिहिणाऱ्यांची जात वेगळी, आणि मी त्या जातीत गेलो, असे ते सहज बोलून गेले. मला शिवी चालली असती.

त्याच रात्री गुरुजींकडे गेलो. त्यांनी ऐकून घेतले, चष्मा पुसला, वही काढली. मला वाटले होते पान फाडतील. त्यांनी आकड्यावरून एकच रेघ मारली, खालचा आकडा वाचता येईल अशी. शेजारी लिहिले : 'मोजणी झाली नाही.' आणि मला सही करायला लावली. मी म्हणालो, त्यापेक्षा शून्य लिहा. तेव्हा मात्र ते रागावले. "शून्य म्हणजे कुणीतरी गेला होता आणि पाखरू नव्हतं. तू गेलाच नव्हतास. पुढं दहा वर्षांनी कुणी ही वही उघडली तर त्याला हे दोन्ही एकच वाटेल का?" मग मामांचे साठ-पासष्ट त्यांनी वेगळ्या ओळीत घेतले, 'नजर अंदाज' असे लिहून, मामांच्या नावासह. पुढे पाठवलेल्या तक्त्याची दुरुस्ती त्यांनी दुसऱ्या दिवशी कळवली.

रविवारी ती दुरुस्ती सर्वांसमोर वाचली गेली. प्राध्यापक मोबाईल पाहत राहिले. कंपाउंडर काका टपरीवाल्याला म्हणाले, "साखर कमी टाक रे," जी ते कधीच घेत नाहीत. मग त्यांच्या मुलीच्या लग्नाची तारीख वहीत गेली, आणि खाली दूधवाल्या दादाचे सात कांड्या करकोचे. माझ्या चहाचे पैसे मी दिले.

आबांना सांगायला मला आणखी चार दिवस लागले. त्यांनी "हां" म्हटले. त्यानंतरच्या रविवारी त्यांनी काही विचारले नाही, त्याच्या पुढच्याही नाही. घरात कोणाच्या लक्षात आले नसेल, पण मला ती संध्याकाळ फार लांब वाटे.

फेब्रुवारीत एका सकाळी मी दुर्बीण घेऊन निघालो, तर आबा काठी टेकत मागे आले. काठावर धोंड्यावर बसले, पहिल्यांदाच पाण्याकडे तोंड करून. दुर्बीण त्यांनी डोळ्याला लावून बघितली आणि परत दिली. मग बोट पुढे करून ते आपल्या पद्धतीने मोजू लागले, विसा-विसाचे गट करून. मध्येच थांबून म्हणाले, "ती कडंची धा हायत न्हवं, त्याच्या पल्याड शेंद्र्या आंबा व्हता." आणि पुन्हा मोजू लागले.

माझे एकसष्ट झाले. त्यांचे झाले तीन इसा आणि चार.

"कुणाचं चुकलं?" मी विचारले.

"गप. परत मोज," आबा म्हणाले. आम्ही दोघे पुन्हा डाव्या टोकापासून सुरू झालो.