मशीन घे, पण हौद सोडू नकोस

चि. भाचेबुवांस,


तुझं पत्र पोचलं. तू पांगारा तासतोस, सूनबाई डोळे-खवले रंगवते, ताई लॅकरचे हात देते आणि तुमच्या लाकडी मासोळ्या खाडीतल्या गरीवाल्यांत खपू लागल्यात, हे वाचून बरं वाटलं. आता मागणी वाढली म्हणून मशीन घ्यावं का, असं विचारतोस. जरूर घे. फक्त कोणतं काम मशीनला द्यायचं आणि कोणतं घरात ठेवायचं, ते आधी ठरव.

फिनलंडचे रापाला तुला ठाऊक आहेतच. तुझ्या डब्यात त्यांचे दोन-चार ल्युअर, म्हणजे गळाच्या नकली मासोळ्या, असतील. लाउरी रापाला हा पाय्यान्ने तलावावरचा गरीब मच्छीमार. शेकडो गळांना मासोळ्या लावायच्या, म्हणजे आमिष जमवण्यातच वेळ जायचा. होडीतून बघता बघता त्याच्या ध्यानात आलं, की मोठा मासा थव्यातल्या धडधाकट मासोळ्या सोडतो आणि जी जराशी लंगडत, कलत पोहते तिच्यावर झडप घालतो. ती लंगडी चाल १९३६ साली त्याला साधली. बुचाचं अंग चांभाराच्या रापीने कोरलेलं, वर चॉकलेटची चांदी आणि त्यावर फोटोच्या निगेटिव्ह वितळवून केलेलं रोगण! पुढे बायको एल्मा आणि मुलगे हाताशी आले. बूच मिळेना तेव्हा पाइनची साल वापरली, नंतर हलका बाल्सा आला.

१९५९ मध्ये मिनेसोटाच्या रॉन वेबरच्या नजरेला हे ल्युअर पडले आणि त्याने रे ऑस्ट्रॉमबरोबर ते अमेरिकेत आणले. ऑगस्ट १९६२ च्या ‘लाइफ’मध्ये त्यांच्यावर लेख आला. नुकत्याच वारलेल्या मेरिलिन मन्रोचं चित्र त्याच अंकावर होतं, त्यामुळे अंक हातोहात खपला आणि घरच्यांना झेपणार नाही इतकी मागणी आली. मग कारखाना आला, यंत्रं आली. मात्र प्रत्येक नग टाकीत ओढून बघायचा आणि हाताने नीट करायचा नेम त्यांनी मोडला नाही.

यामागे नुसती हौस नाही. सावंतवाडीच्या खेळण्यांना चालणारा तुझा पांगारा काय किंवा त्यांचा बाल्सा काय, एक तुकडा दुसऱ्याइतका हलका नसतो. हनुवटीची पट्टी केसभर तिरकी बसली की ल्युअर गिरकी घेतो. मशीन आकार एकसारखा देईल. चाल पाण्यातच कळते. डावीकडे पळत असेल तर दोरी बांधायची कडी किंचित उजवीकडे वाकवायची, पुन्हा ओढायचं. डोळे-खवले गिऱ्हाईकाला भुलवतात, जिताडा भुलतो तो चालीला.

तेव्हा कापणं-तासणं मशीनला दे. मागल्या दारचा हौद मात्र चाल तपासायला मोकळा ठेव आणि पास-नापास ताईवर सोपव. कल्ले न उघडता शिळा मासा ओळखणारी बाई आहे ती. तुझी भीड धरायची नाही. नापास नग स्वस्तात विकू नकोस, त्यातले गळ काढून घे आणि लाकूड चुलीत घाल. या तपासणीचा वेळ आणि फुकट गेलेला माल दोन्ही दरात धर, नाहीतर धंदा वाढेल तसा तोटा वाढेल.

खर्चाचा कागद पाठव, दर मिळून ठरवू. ताईला नमस्कार, सूनबाईला आशीर्वाद.

तुझा,
मामा