ढोरकीन येईपर्यंत

चित्रपट पाहून परतताना माणसे जे बोलतात, त्याला कोणी समीक्षा म्हणत नाही. तरीही चित्रपटांविषयीची आमची बहुतेक मते अशी परतीच्या रस्त्यावरच तयार झालेली आहेत. वर्गात आम्ही आशयसूत्र, निवेदनपद्धती, प्रतिमासृष्टी असे सगळे व्यवस्थित शिकवतो, परीक्षेत विचारतो, त्याला गुणही देतो. रस्त्यावर मात्र 'बरा होता', 'संथ होता', 'शेवट गंडला' एवढ्यावर भागते. या भागवण्याविषयीच आज थोडे लिहायचे आहे.

पैठणहून छत्रपती संभाजीनगर पन्नासेक किलोमीटर. जरा वेगळ्या वळणाचा मराठी चित्रपट पाहायचा म्हणजे तिकडे जाणे आले, आणि तेही लगोलग, कारण असे चित्रपट पडद्यावर आठवडाभर टिकले तरी नशीब. आम्ही चौघे एम.ए. मराठीला एका वर्गात होतो. पुढे योगायोगाने एकाच विभागात लागलो आणि बघता बघता चाळिशी ओलांडली. गाडी आमच्यापैकी एकाची, म्हणून चालवतोही तोच. बाकीचे तिघे बोलतात.

या बोलण्याचे टप्पे आता ठरून गेले आहेत. चितेगाव येईपर्यंत कोणी फारसे बोलत नाही. चित्रपट अजून अंगावर असतो. बिडकीनला चहा होतो आणि तिथे प्रत्येकाचे एका शब्दातले मत बाहेर पडते. त्या मताला आम्ही 'बिडकीनचे मत' म्हणतो. बिडकीन ते ढोरकीन हा मतभेदांचा पट्टा. ढोरकीन मागे पडले की विषय आपोआप उद्याच्या तासांकडे वळतो. म्हणजे एका कलाकृतीला आम्ही ढोरकीन येईपर्यंतचे आयुष्य देतो. दिग्दर्शकाने त्यासाठी कैक वर्षे घातलेली असतात. असो.

या मतांना किंमत नाही असे मात्र आम्हांला वाटत नाही. निखिल महाजनांचा 'गोदावरी' (२०२२) पाहिला, तेव्हा जितेंद्र जोशींच्या कामाविषयी आमचे पटकन एकमत झाले. नंतर एक जण म्हणाला, "पण ही नदी नाशिकची आहे रे. आपल्यापर्यंत येते तेव्हा तिचं धरण झालेलं असतं." कुठल्याही परीक्षणात हे वाक्य येणार नाही. ते वरच्या पाण्याची दरवर्षी वाट पाहणाऱ्या माणसाचे वाक्य आहे. आदिनाथ कोठारेंचा 'पाणी' (२०२४) नांदेड जिल्ह्यातल्या नागदरवाडीची, हनुमंत केंद्रे यांच्या जलसंधारणाच्या कामाची गोष्ट सांगतो. पाणी नाही म्हणून मुलगी द्यायला कोणी तयार नाही, इथून ती सुरू होते. त्या रात्री आमच्यातला दुसरा एक जण, ज्याच्या आजोबांचे गाव नाथसागराखाली गेले, बिडकीनपासून जो बोलू लागला तो पैठण आले तरी थांबला नाही. "पाणी नसल्याची गोष्ट सगळे सांगतात. पाणी आल्याचीही एक गोष्ट असते." जायकवाडीचे काम १९६५ला सुरू झाले, १९७६ला धरण पुरे झाले, शंभरावर गावांना त्याची झळ बसली; हे आकडे आम्हांला पाठ होते. आजोबांनी गाव सोडताना घराचा उंबरा काढून बैलगाडीत घातला होता, हे आम्हांला त्या रात्री कळले. चित्रपटावरचे त्याचे मत काय होते, ते मात्र आता आठवत नाही.

रोहन कानवडेंच्या 'साबर बोंडं'च्या वेळी उलटे झाले. २०२५ साली सनडान्स महोत्सवात परीक्षकांचा मोठा पुरस्कार मिळवलेला हा चित्रपट. वडिलांच्या दहा दिवसांच्या दुखवट्यासाठी गावी आलेला आनंद आणि त्याचा लहानपणीचा मित्र बाळ्या यांची ही हळुवार गोष्ट. बिडकीनला आमच्यापैकी दोघांनी एकदमच 'संथ आहे' म्हटले. आमच्यातली एक जण चहाचा कप ठेवत म्हणाली, "सुतकात बसलायत कधी? पुरुष बाहेर ओट्यावर असतात. आत दहा दिवस कसे जातात ते विचारा. मला तर भरभर गेला." नंतर तिने त्यातल्या आईविषयी सांगितले. आईला मुलाचे सगळे ठाऊक आहे आणि तरी ती त्याच्या बाजूला उभी आहे, हे पाहताना तिला रडू आले होते. अंधारात ते आम्हांला दिसले नव्हते.

'संथ' हा शब्द आम्ही तेव्हापासून जपून वापरतो. संथ म्हणजे चित्रपटाचा वेग, असे आपण समजतो. प्रत्यक्षात त्याचा अर्थ बहुतेक वेळा एवढाच असतो की, पडद्यावर जे घडत होते ते मला घडणे वाटले नाही. 'भाबडा', 'भडक', 'प्रचारकी' या शब्दांचेही तसेच. ते चित्रपटाविषयी थोडे सांगतात आणि आपण कुठे बसून तो पाहिला याविषयी पुष्कळ.

इथवर आलो होतो आणि आम्हांला स्वतःचे कौतुकही वाटत होते. मग 'धर्मात्मा' पाहिला.

गेल्या नाथषष्ठीची गोष्ट. दिंड्यांनी गाव भरलेले, वाळवंटात राहुट्या, रस्त्यावर पाऊल टाकायला जागा नाही. कॉलेजला सुटी होती. गर्दीत जाण्यापेक्षा घरीच बसून नाथांचा चित्रपट पाहू, असे ठरले. प्रभात फिल्म कंपनीचा हा बोलपट १९३५ सालचा. दिग्दर्शन व्ही. शांताराम यांचे, संगीत मास्टर कृष्णरावांचे आणि नाथांच्या भूमिकेत बालगंधर्व. मूळ नाव होते 'महात्मा'. त्या शब्दातून गांधीजी सूचित होतात, म्हणून त्या वेळच्या सेन्सॉरने हरकत घेतली आणि 'महात्मा'चा 'धर्मात्मा' झाला. पुणे करार होऊन तीन वर्षे झाली होती. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात येवल्याला डॉ. आंबेडकरांनी, हिंदू म्हणून आपण मरणार नाही, असे जाहीर केले. अशा वर्षी अस्पृश्याच्या घरी जेवणाऱ्या नाथांवर बोलपट निघणे, ही साधी गोष्ट नव्हती.

चित्रपट संपला आणि सवयीने मते सुरू झाली. पहिले मत: बालगंधर्व अवघडले आहेत. हयात स्त्रीभूमिकांत गेलेली, वय सत्तेचाळीस. रंगमंचावरच्या त्या बालगंधर्वांना कॅमेऱ्याने कुठे शोधावे? दुसरे मत: संवाद नाटकी, पण काळ पाहता क्षम्य. तिसरे: एकूण भाबडा. नाथ मोठे आणि बाकीचे एक तर भक्त, नाही तर दुष्ट.

चौथे मत येण्याचा प्रश्नच नव्हता. आमचा चौथा मित्र मत देत नाही. एरवी तो गाडी चालवतो. रस्त्यावर लक्ष ठेवायचे म्हणून बोलत नाही, असे आम्ही धरून चाललो होतो. पैठण तालुक्यातल्याच एका खेड्याच्या, गावाबाहेरच्या वस्तीतून तो आला आहे. वीस वर्षांत त्याची बिडकीनची मते 'बरा होता' याच्या पुढे गेलेली नाहीत. पण त्या दुपारी गाडी नव्हती. तो सावकाश म्हणाला, "नाथ जेवून गेल्यावर त्या घरात काय झालं असेल?"

आम्हांला प्रश्न नीट कळला नाही. तो पुढे म्हणाला, "राण्या महाराची गोष्ट आपण किती वर्षं शिकवतोय. नाथ गेले, जेवले, परत आले. गोष्टही त्यांच्याबरोबर परत येते. राण्याच्या घरी कुणी थांबतच नाही. दुसऱ्या दिवशी गावाने त्याला काय केलं असेल?"

"आणि स्वयंपाक?" आमच्यातली मैत्रीण म्हणाली. "तो तिनंच केला असणार. काय करावं, कसं वाढावं... हात थरथरले असतील तिचे."

आमच्यापैकी एकाने आख्यायिकेचा शेवट आठवून दिला. नाथांवर पाळत ठेवणाऱ्यांना ते एकाच वेळी दोन्ही ठिकाणी दिसतात, राण्याच्या घरी आणि स्वतःच्या घरीही. हा चमत्कार आम्ही आजवर नाथांची थोरवी म्हणूनच सांगत आलो. मित्र हसला. "म्हणजे गेलेही, आणि गेले नाहीत असंही. सोय झाली." मग जरा थांबून, आवाज न चढवता म्हणाला, "'फँड्री'च्या वेळी तुम्ही हसला होतात."

'फँड्री' फेब्रुवारी २०१४चा. नागराज मंजुळेही आपल्यासारखेच मराठीचे एम.ए., म्हणून आम्ही विशेष अभिमानाने तेव्हाच्या औरंगाबादला गेलो होतो. तेव्हा गाडी नव्हती; परतलो ते एस.टी.ने. चित्रपटाच्या उत्तरार्धात जब्या आणि त्याच्या घरचे डुकरामागे धावत असतात आणि गावकरी ती गंमत बघत, खिदळत असतात. पाय घसरतो, डुक्कर निसटते. त्या वेळी थिएटरात हशा झाला आणि आम्हीही हसलो. शेवटी जब्याने भिरकावलेला दगड थेट आपल्याकडे येतो, तेव्हा मात्र आम्ही चपापलो, गप्प झालो. आणि त्या गप्प होण्याचे आम्हांला पुढे कित्येक दिवस अप्रूप वाटत राहिले. आमच्यापैकी एकाने त्या शेवटावर लेखही लिहिला. प्रेक्षकालाच आरोपी करणारा शेवट, असा त्याचा सूर होता. मित्राने तो वाचला आणि 'चांगला झालाय' म्हणाला.

एस.टी.त तो खिडकीशी बसून बाहेर बघत होता, हे आता आठवते. त्या दिवशी तर रस्त्यावर लक्ष ठेवण्याचेही कारण नव्हते.

आम्ही काही बोलणार, तेवढ्यात तोच म्हणाला, "हसू येतंच. सीन तसाच घेतलाय त्यांनी. मला आलं नाही असं नाही. फक्त, मी तुम्ही कधी थांबता ते बघत होतो."

त्यानंतर चहा झाला. दिंड्यांचा टाळमृदंग ऐकू येत होता. विषय बदलला.

विषय बदलला तरी वाक्य गेले नाही. आम्ही दया पवारांचे 'बलुतं' (१९७८) शिकवतो. त्यावरच्या चर्चासत्रांत निबंध वाचतो, सहभागाची प्रमाणपत्रे फाइलला लावतो. दलित आत्मकथनांनी मराठी वाचकाची दृष्टी कशी बदलली, यावर आम्ही तासभर सहज बोलू शकतो. पण शेजारच्या खुर्चीत बसलेल्या मित्राला बारा वर्षांत 'तुला तो चित्रपट पाहताना काय झाले' असे विचारले नाही. धरणाखाली गाव गेलेल्या मित्राला विचारावे लागले नाही. त्याचे दुःख तो मोकळेपणाने सांगू शकला आणि आम्ही ते मोकळेपणाने ऐकले. सगळ्या दुःखांना बिडकीनच्या चहावर सारखी जागा मिळत नाही, हे आमच्या ध्यानात आले नव्हते.

आणखी एक गोष्ट ध्यानात आली, ती अधिक अडचणीची आहे. विभागात तासांची वाटणी होते तेव्हा दलित साहित्याचा पेपर आम्ही दरवर्षी त्याच्याकडे देतो. नाथांची भारुडे, त्यांतली महाराच्या मुखातून आलेली 'जोहार'ची रचना, हा घटकही त्याच्याकडेच. 'तुझा त्यावर हात बसलाय', 'तू फार छान म्हणतोस' असे सांगून. हीही आमची बिडकीनचीच मते होती. प्रेमाने दिलेली आणि तपासून न पाहिलेली.

या लेखात आम्ही पहिल्यापासून 'आम्ही' म्हणत आलो आहोत. आम्ही चौघे, आमची मते, आमचे टप्पे. लिहिताना मागे वळून पाहिले तर यांतले कितीतरी 'आम्ही' तिघांचेच आहेत. चौथ्याला त्यांत गृहीत धरलेले आहे. मराठीत 'आपण' आणि 'आम्ही' असे दोन शब्द आहेत. ऐकणाऱ्याला धरून 'आपण', वगळून 'आम्ही'. हा फरक आम्ही व्याकरणाच्या तासाला शिकवतो.

यावरून कोणी असे समजू नये की आम्ही गप्पा बंद केल्या. तसे करण्यात अर्थही नाही. परीक्षण लिहिताना माणूस स्वतःला सांभाळून असतो. खरे काय वाटले ते चहाच्या कपाबरोबरच बाहेर येते. आमची चूक मत पटकन दिले ही नव्हती. ढोरकीन आले की ते संपले असे आम्ही मानत होतो. काही मतांना एस.टी.तून उतरून नाथषष्ठीच्या एका दुपारपर्यंत यायला बारा वर्षे लागतात.

हा मजकूर मित्राला वाचायला दिला. शेवटी आम्ही एक परिच्छेद माफीचा लिहिला होता. तो त्याने पेन्सिलीने खोडला आणि म्हणाला, "हे नको. वेळापत्रक बदला." त्याप्रमाणे या वर्षी कादंबरीचा पेपर त्याच्याकडे आहे आणि भारुडांचा घटक आमच्याकडे. पहिल्या तासाला आम्ही 'जोहार' वाचायला उभे राहिलो. संहिता समोर होती, शब्दार्थ पाठ होते, संदर्भही तयार होते. पण तो जोहार म्हणायचा कुठल्या आवाजात, हे काही केल्या सुचेना. मुले वह्या उघडून वाट बघत होती.