पानांवरचा वाटा

तुमच्यापैकी अनेकांच्या घरामागे चार हातांची का होईना, मोकळी जागा असेल; नसल्यास सज्जात चार कुंड्या तरी असतील. त्या जागी पक्षी यावेत असे मनात आले की आपण पहिली गोष्ट कोणती करतो? मूठभर दाणे ठेवतो. मीही तेच केले होते. साताऱ्यातील आमच्या घराच्या परसात एक मातीचे परळ टांगले आणि त्यात बाजरी व तांदळाची कणी घातली. चिमण्या आल्या, होले आले, पाठोपाठ पारव्यांचा थवाही आला. परंतु उन्हाळ्यातील पहाटे ज्याच्या शिळेने मी जागी होत असे, तो काळापांढरा दयाळ त्या परळाकडे फिरकलाही नाही. निमुळत्या चोचीचा, शेपटी उभारून झुडपांतून हिंडणारा शिंपीही आला नाही.

भाषाविज्ञान हा माझा अभ्यासविषय. त्यामुळे पक्ष्याच्या आधी त्याचे नावच माझ्या लक्षात भरते. ही नावे पाहा: पाने शिवतो तो शिंपी, पंख्यासारखी शेपटी पसरून फांदीवर फेर धरते ती नाचण, एकसारखी बडबड करतो तो वटवट्या, डोळ्यांभोवती पांढरे वर्तुळ मिरवतो तो चष्मेवाला. ही नावे ज्यांनी ठेवली त्यांनी पक्षी पुरता न्याहाळला होता, यात शंका नाही. ‘दयाळ’ या नावाची गोष्ट निराळी आहे. हा पक्षी दयाळू असावा असे मराठी कानाला सहज वाटते. परंतु हिंदीतील ‘दहियल’ आणि बंगालीतील ‘दोयेल’ हे शब्द शेजारी ठेवले की हा शब्द दयेच्या नव्हे, तर या भावंडांच्या कुळातला असावा हे ध्यानात येते. अपरिचित शब्दाला परिचित अर्थ चिकटवण्याच्या या प्रवृत्तीला आपण लोकव्युत्पत्ती म्हणतो. वर्गात हे उदाहरण मी वर्षानुवर्षे दिले. पण दयाळ काय खातो, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

तो माझ्या सासूबाईंना ठाऊक होता. त्या चौथीपर्यंत शिकलेल्या. परळाकडे पाहून त्या हसल्या आणि म्हणाल्या, “अगं, तो काय दाणे टिपणारा आहे? त्याला किडा-मुंगी लागते. पाला तेवढा राहू दे कोपऱ्यात.” मी मात्र दर रविवारी परस झाडून लख्ख करीत असे. वाळलेला पाला जाळीत असे, कुंपणावरची कोळ्यांची जाळी केरसुणीने ओढून काढीत असे. स्वच्छ परस म्हणजे सांभाळलेले परस, अशी माझी समजूत होती.

त्या वर्षी आषाढात लिंबाच्या आणि कढीपत्त्याच्या झाडांवर अळ्या पडल्या. फुलपाखराच्या या अळ्या लहानपणी पक्ष्याच्या विष्ठेच्या ठिपक्यासारख्या दिसतात. मोठ्या झाल्या की हिरव्या होतात, आणि छेडले असता डोक्यामागून शिंगांसारखा दुभंगलेला अवयव बाहेर काढून उग्र वास सोडतात. आठवड्यात कोवळी पालवी फस्त झाली. सासूबाईंच्या लोणच्याचे ते लिंबू. मी कीटकनाशक आणले आणि पंप भरला. त्या दारात खुर्चीवर बसल्या होत्या. म्हणाल्या, “पानं काय आपल्या एकट्याच्या नावावर आहेत? अळीला खाणारं कुणी येईल.” मी म्हटले, “आई, तोवर झाडच राहायचं नाही.” आणि दोन्ही झाडे नखशिखान्त भिजवली.

लिंबाला लागूनच अंजीर आहे. त्याची दोन पाने कडेकडेने जोडलेली आहेत आणि आत कापसाचे इवलेसे घरटे आहे, हे मला तोवर दिसलेच नव्हते. शिंपी चोचीने पानाच्या कडेला भोके पाडतो आणि कोळ्याचे जाळे, कापूस, झाडाचे तंतू ओवून पान शिवतो. मी केरसुणीने काढीत होते ते त्याचे सूत होते. घरट्यात पिल्ले होती. फवारणीनंतर दोन दिवस नर-मादीची ये-जा दिसली. चौथ्या दिवशी परस शांत झाले. वाकून पाहिले तेव्हा तीन पिल्ले आत निपचित पडली होती. विषारी अळ्या भरवल्या गेल्या की फवारा थेट पानांवर उडाला, हे सांगता येणार नाही. पण पंप माझ्या हातात होता, एवढे निश्चित. सासूबाई मला काहीही बोलल्या नाहीत. त्यांनी शब्दाने दुखावले असते, तर ते सोपे गेले असते.

त्यानंतर जे शिकले ते तुम्हांला सांगते. कीटकभक्षी पक्ष्यांना आपण वाढायचे नसते. त्यांचे ताट तयार होऊ द्यायचे असते. एका कोपऱ्यात पाला साठू द्यावा. त्याखाली गांडुळे, वाळवी, भुंगेरे यांचा वावर सुरू होतो आणि दयाळ तो पाला उलथापालथ करायला येतो. झाडाची जुनी ढोली किंवा भिंतीतले भोक बुजवू नये, कारण दयाळ तेथे घरटे करतो. पसरट भांड्यात तीन-चार बोटे पाणी ठेवावे आणि डास होऊ नयेत म्हणून रोज बदलावे. झुडपे एकदम छाटू नयेत; नाचणीला आणि वटवट्याला आडोसा लागतो. विष मात्र घराच्या उंबऱ्याआत येऊ देऊ नये. आणखी एक गोष्ट: दाणे टिपणारी चिमणीसुद्धा पिल्लांना प्रामुख्याने अळ्या-किडेच भरवते, आणि फुलांतील मध शोषणारा शिंजीर पिल्लांसाठी किडे व कोळी शोधतो. परसातील अळी संपली की दाण्याचे परळ भरलेले असूनही पुढची पिढी उपाशी राहते.

फवारणीनंतर दोन पावसाळे परस मुके राहिले. सासूबाई रोज सकाळी खुर्चीवर बसून विचारीत, “आला का गं?” मी नाही म्हणत असे. मधल्या काळात त्यांचे कान गेले. आधी मोठ्याने बोलावे लागे. पुढे तेही पुरेना. तिसऱ्या वर्षी थंडीत थिरथिरा हा हिवाळी पाहुणा कुंपणावर शेपटी थरथरवीत बसलेला दिसला. चैत्रात पहाटे दयाळाची शीळ आली. आणि पावसाळ्याच्या तोंडाशी त्याच अंजिरावर शिंप्याची ‘टुविट टुविट’ सुरू झाली. एवढासा जीव, पण आवाज सारे परस भरून टाकणारा.

सासूबाईंना तो ऐकू आला नाही. त्या खुर्चीवर होत्या, अंजिरापासून दहा पावलांवर. मी त्यांच्यासमोर उभी राहिले आणि अंगठा व तर्जनी जुळवून हवेत सुईने शिवल्याची खूण केली. त्यांना क्षणभर उमगले नाही. मग त्यांनी अंजिराकडे पाहिले. पाने हलत होती. त्या बराच वेळ पाहत राहिल्या, आणि नंतर लिंबाच्या कुरतडलेल्या पालवीकडे बोट दाखवून हसल्या.

मित्रहो, तुमच्यातील अनेक जण नोकरी, संसार, शेती सांभाळून उशिरा शिक्षणाकडे वळले आहेत. पदवी तुम्हांला शब्दांची कुळे सांगेल. त्या ज्ञानाचे मोल मी कमी लेखत नाही. पण तुमच्या घरात कोणी कमी शिकलेले माणूस परसाकडे पाहत बसत असेल, तर ते काय पाहते आहे, हे एकदा विचारून घ्या. त्याला तुमचा प्रश्न ऐकू येतो आहे, तोवर विचारा.