शंभरदा गेले, एकदा पाहिलं

तुम्ही नागपूर पाहिलंय का हो? प्रश्न वेडगळ वाटेल. आमच्या कारंजा (घाडगे) गावातल्या बाईला तर हसूच येईल. नागपूर-अमरावती हमरस्त्यावरचं हे आमचं तालुक्याचं गाव. नागपूर इथून पाऊणशे-ऐंशी किलोमीटर. लग्नाचा बस्ता नागपूरला, अवघडलेलं बाळंतपण नागपूरला, सासऱ्यांचं ऑपरेशन नागपूरला, मुलांचे कॉलेजचे प्रवेशही नागपूरलाच. या गावात सून म्हणून आले त्याला तीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत मी शंभरदा तरी नागपूरला गेले असेन.

पण पाहिलं का? ते मला माझ्या भाचीनं विचारलं तेव्हा कळलं.

ती शिकायला इंग्लंडात आहे. एका सुट्टीच्या दिवशी ती एकटीच यॉर्क नावाच्या शहरी जाऊन आली. रोमन लोकांनी इसवी सन ७१ मध्ये वसवलेलं गाव. भोवती जुना दगडी तट, त्या तटावरून तीन-साडेतीन किलोमीटर पायी हिंडता येतं. मधोमध भलंमोठं चर्च आणि त्याच्या आसपास अरुंद गल्ल्या. फोनवर तिनं ते सारं असं रंगवून सांगितलं, की मी पोळ्या लाटायच्या विसरले. शेवटी म्हणाली, "मावशी, नागपूरलाही तट होता म्हणे. त्यातलं काय उरलंय गं आता?"

मला सांगता येईना. माझं नागपूर म्हणजे बर्डीवरची साड्यांची दुकानं, दवाखान्यांतली बाकडी आणि गणेशपेठचं बस स्टँड. फार लाज वाटली. इंग्लंड राहिलं लांब, पण हे तर दोन तासांच्या वाटेवरचं गाव!

घरी सांगितलं, "मंगळवारी नागपूरला जाते."

"काय काम काढलं?" ह्यांनी विचारलं.

"काम नाही. पाहायला जाते."

"मग रविवारी सगळेच जाऊ की!"

सगळे गेलो म्हणजे काय होतं, ते तुम्हाला सांगायला नको. चार डबे भरायचे, कुणाला भूक लागली, कुणाचे पाय दुखले, ते पाहायचं आणि परत आल्यावर भांडी घासायची. मी तसं बोलून दाखवलं नाही. पण दारात तांदूळ निवडत बसलेल्या सासूबाईच बोलल्या, "जाऊ दे ना तिले. मी नाई गेली कवा, म्हनून तिनंबी नाई जावं काय?" त्यापुढे कुणी काही बोललं नाही.

संक्रांत होऊन चार-पाच दिवस झाले होते. सकाळची गाडी. थंडी मी म्हणत होती. स्टँडवर आमच्या आळीतल्या वहिनी भेटल्या. "एकट्याच? कुठी चालल्या?"

"नागपूरले. डोळे तपासायले," मी म्हणून गेले.

डोळ्यांना काही झालेलं नव्हतं. मग असं का बोलले? बाईनं घराबाहेर पडायचं तर सोबत एखादं काम लागतंच ना! दवाखाना, माहेर, देवदर्शन, खरेदी. नुसतं 'फिरायला' म्हणायला माझी जीभ रेटेना. खोटं लहानसंच होतं, पण बाभळीच्या काट्यासारखं दिवसभर सलत राहिलं.

गाडीत मात्र गंमत वाटली. १७ मार्च २०२३ पासून आपल्या एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. कोंढाळी गेली, बाजारगाव गेलं. रस्त्याकडेला संत्र्यांचे ढीग लागलेले. तीस वर्षांत पहिल्यांदा मी खिडकीची जागा कुणासाठी सोडली नाही.

बर्डीला उतरून आधी टेकडीच्या गणपतीला गेले. मंगळवार, त्यामुळे गर्दी होतीच. ही टेकडी म्हणजेच सीताबर्डीचा किल्ला. इथं २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ ला आप्पासाहेब भोसल्यांची फौज आणि इंग्रज यांची लढाई झाली. टेकड्या दोन, एक मोठी, एक लहान. भोसल्यांच्या आरब शिपायांनी लहान टेकडी घेतली होती, पण शेवटी जय इंग्रजांचा झाला. तिथपासून नागपूरच्या गादीवर राजा बसला तरी सत्ता इंग्रजांची, अशी गत झाली. लढाईनंतर इंग्रजांनी टेकडीवर आपली पक्की तटबंदी केली.

किल्ल्यात जावं म्हणून मी फाटकाशी गेले, तर पहाऱ्यावरच्या जवानानं नम्रपणे सांगितलं की आत सैन्य आहे. लोकांसाठी किल्ला वर्षातून तीनच दिवस उघडतो. २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्ट. हे आधी विचारून निघायला हवं होतं. चूक माझीच. तुम्ही ती करू नका.

तिथून चालत झिरो माइलला गेले. चार घोडे आणि एक दगडी खांब. बसमधून कितीदा दिसला असेल! जवळ जाऊन पाहिलं तर खांबावर गावांची नावं आणि अंतरं कोरलेली आहेत. हैदराबाद, चांदा, जबलपूर, छिंदवाडा, बैतूल. मी वेड्यासारखी त्यात कारंजा शोधलं! इंग्रजांनी साऱ्या हिंदुस्थानची जमीन मोजायची जी प्रचंड मोहीम काढली होती, तिची १९०७ सालची खूण इथं आहे. देशाचा मध्य तो हाच, असं आपण सारे लहानपणापासून ऐकत आलो. खांबाशेजारी उभं राहून आपल्या उंचीशी त्याची उंची ताडून पाहावी, असा पोरकटपणाही मी करून घेतला. पाहायला होतं कोण!

दहा मिनिटांवर मध्यवर्ती संग्रहालय. नागपूरकर त्याला 'अजब बंगला' म्हणतात. १८६१ मध्ये नागपूर मध्य प्रांताची राजधानी झालं आणि १८६३ मध्ये हे संग्रहालय निघालं. आत पेंढा भरलेली जनावरं नि पक्षी, जुनी नाणी, शिलालेख, हत्यारं, दगडी मूर्ती, आदिवासींच्या वस्तू असं बरंच काही आहे. मुलांबरोबर आलं की वाघ पाहून बाहेर पडावं लागतं. त्या दिवशी मी एका मूर्तीसमोर चांगली वीस मिनिटं बसले. तिच्या कमरेच्या मेखलेची एकेक साखळी मोजली. 'चला ना' म्हणणारं कुणी नव्हतं. सोमवारी संग्रहालय बंद असतं, तेवढं ध्यानात ठेवा.

मग आली खरी परीक्षा, जेवणाची. बाई घरी एकटी जेवते ती रोजच, सगळ्यांचं झाल्यावर. पण हॉटेलात एकटीनं बसायचं? बर्डीवर एका हॉटेलच्या दारापर्यंत दोनदा जाऊन परत फिरले. तिसऱ्यांदा आत गेले. "कितने लोग?" पोऱ्यानं नागपुरी हिंदीत विचारलं. "एकच," मी म्हटलं. त्यानं टेबल पुसलं, पाणी ठेवलं. बस्, एवढंच! कुणी वळूनसुद्धा पाहिलं नाही. सांबारवडी आणि कढी मागवली. सांबार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर बरं का, थंडीत ही वडी खावी ती नागपुरातच. गरम वडी ताटात पडली आणि पहिला घास मी घेतला. किती दिवसांनी, ते आठवेना.

दुपारी रिक्षानं महालात गेले. खरं जुनं नागपूर ते हे. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह यानं १७०२ च्या सुमारास इथली बारा खेडी एकत्र करून हे शहर वसवलं. त्याच्या मागून आलेल्या चांद सुलताननं इथं राजधानी आणली, शहराला तट बांधला आणि मोठा तलाव केला. भाचीच्या प्रश्नाचं उत्तर मला इथं मिळालं. तटाचा एक दरवाजा अजून रस्त्यात उभा आहे. जुनं नाव जुम्मा दरवाजा, आता गांधी गेट. यॉर्कच्या तटावर माणसं फिरतात, आपल्या दरवाजातून स्कूटर आणि हातगाड्या जातात. पण उभा आहे!

भोसले इथं आले कसे, तेही ऐका, कारण त्यात एका बाईचा हात आहे. १७३९ मध्ये चांद सुलतान वारला आणि वली शाहनं गादी बळकावली. तेव्हा विधवा राणी रतनकुंवरनं आपल्या मुलांच्या हक्कासाठी वऱ्हाडातून रघुजी भोसल्यांना मदतीला बोलावलं. रघुजींनी मुलांना गादी मिळवून दिली. पुढे त्या दोघा भावांतच तंटा लागला, राणीच्या घराला रघुजींना पुन्हा बोलवावं लागलं आणि १७४३ पासून नागपूर भोसल्यांचं झालं. घरातल्या भांडणात बाहेरचा पंच आणला की काय होतं, हे आपल्याला का ठाऊक नाही! पण त्या राणीच्या जागी आपण असतो तर दुसरं काय केलं असतं, हा विचार मनातून जाईना.

भोसल्यांचा मोठा वाडा काळ्या दगडाचा होता, त्यावर लाकडाचं अप्रतिम कोरीवकाम होतं. ११ डिसेंबर १८५३ ला तिसरे रघुजी निपुत्रिक वारले, दत्तक नामंजूर करून इंग्रजांनी राज्य खालसा केलं आणि पुढे १८६४ मध्ये वाडाही आगीत गेला. नगारखान्याचा दरवाजा तेवढा राहिला. त्याच्याखाली उभी राहिले तेव्हा वाड्यातल्या बायका आठवल्या. दुसऱ्या रघुजींची राणी बांकाबाई त्या वेळी म्हातारी होती. नवऱ्याचं राज्य, सावत्र मुलाचा अंत, परक्यांचा अंमल, राज्याचा शेवट, एवढं सगळं तिनं एका जन्मात पाहिलं. १८५८ मध्ये ती गेली. इतिहासाच्या पुस्तकात तिला दोन ओळी.

तिथून निघाले आणि गल्लीबोळांत वाट चुकले. जरा घाबरले, खोटं कशाला सांगू! एका ओट्यावर एक आजी उन्हात बसल्या होत्या. वाट सांगून त्यांनी विचारलं, "कोनाकडं आल्या होत्या बाई?"

"कोणाकडेच नाही आजी, महाल पाहायला आले."

सकाळपासून पहिल्यांदा खरं बोलले. आजींनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि आतून पाणी आणून दिलं.

शेवटी चांद सुलतानच्या तलावावर गेले. जुम्मा तलाव किंवा शुक्रवारी तलाव, एकच नाव दोन भाषांत. आता गांधीसागर. काठावर टेकले, चपला काढल्या. तेवढ्यात ह्यांचा फोन. "चहाची पत्ती कुठं ठेवलीस?" मी सांगितलं. "बरं, तू सावकाश ये," असंही म्हणाले. चहा करता येतो तर! गणेशपेठचं स्टँड तिथून जवळच. दिवेलागणीच्या गाडीत बसले आणि नऊच्या आत घरी.

आता चार गोष्टी कामाच्या. मंगळवार ते शुक्रवारमधला दिवस निवडा. सकाळच्या पहिल्या-दुसऱ्या गाडीनं जा आणि परतीच्या गाड्यांच्या वेळा आधीच विचारून ठेवा. पायांत जुन्या, सवयीच्या चपला घाला, नव्या नकोत. पाणी, रुमाल, थोडे सुटे पैसे आणि भरून चार्ज केलेला फोन बरोबर हवा. बायकांची मोठी अडचण स्वच्छतागृहाची, ती मेट्रोच्या स्थानकांवर सुटते. सीताबर्डी आणि झिरो माइल, दोन्हीकडे स्थानक आहे. कुठे कुठे जाणार ते घरी एका कागदावर लिहून ठेवा. आणि मुख्य म्हणजे खरेदीची यादी नेऊ नका. यादी नेली की तो दिवस तुमचा राहत नाही. मी घरच्यांसाठी संत्राबर्फी आणली, तेवढीच.

त्या रात्री सासूबाईंनी सगळं खोदून खोदून विचारलं. दरवाजा केवढा, तलावाला पाणी किती, आजींनी पाणी दिलं ते कशात. सांगता सांगता अकरा वाजले.

आठवड्यानं आमच्याकडे हळदीकुंकू होतं. वाण घेता घेता त्या वहिनींनी भर बायकांत विचारलं, "काय म्हनतात तुमचे डोळे? नंबर वाढला काय?"

मी अत्तरदाणी खाली ठेवली. "डोळे चांगले आहेत वहिनी. तपासायला गेलेच नव्हते. नागपूर पाहायला गेले होते."

"कोनासंग?"

"एकटीच."

खोलीत क्षणभर कुणी बोललं नाही. सासूबाई कोपऱ्यातून माझ्याकडे पाहत होत्या. वहिनींनी तिळगुळाचा लाडू हातातल्या हातात फिरवला. मग जरा पुढे सरकून, हळूच म्हणाल्या, "तिकीट अर्धंच लागते ना वं?"