न जुळणारी अक्षरे

आमच्या शाळेत एकच संगणक आहे आणि तो लिनक्सवर चालतो, असे सांगितले की इतर शाळांतले शिक्षक आधी दचकतात आणि मग कीव करतात. कीव करण्यासारखे त्यात काही नाही. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा संपला. आमचे यंत्र जुने. विंडोज ११ ला लागणारी टीपीएम २.० ची सोय त्यात नाही, आणि नवे यंत्र घ्यायला शाळेकडे पैसे नाहीत. तेव्हा माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने नोव्हेंबरातल्या एका रविवारी अंबरनाथला येऊन त्यावर लिनक्स मिंट घालून दिले. १९९१ साली हेलसिंकीच्या विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्सने सुरू केलेले हे काम आज जगभरचे लोक मिळून पुढे नेतात आणि ते कुणालाही फुकट वापरता येते. केरळच्या सरकारी शाळांतली मुले कित्येक वर्षे लिनक्सवरच शिकत आहेत. आपल्याकडे मात्र संगणक म्हणजे विंडोज आणि उर्दू म्हणजे इनपेज, असे समीकरण पक्के बसले आहे. इनपेज विंडोजसाठी बनलेले, म्हणून मलाही धास्ती होती. पण नोटो नस्तालीक हा फाँट आणि उर्दू कळफलक बसवला आणि सहावीची प्रश्नपत्रिका पहिल्याच दिवशी तयार झाली. मुख्याध्यापकांनी कागद उजेडात धरून पाहिला आणि "अच्छा आया है" म्हणाले. त्यांच्या तोंडून एवढे निघणे म्हणजे पुष्कळ.

अडले ते फोनपाशी.

माझ्याकडे एक जुना फोन आहे. त्यात सिम नाही, कार्ड घालायला जागा नाही, एका पावसाळ्यात भिजल्यापासून त्याचा स्पीकर घोगरा झाला आहे, आणि केबल लावली तर फक्त चार्ज होतो. तरी मी तो टाकलेला नाही, कारण जून २०२५ पासून मी त्यात माझ्या वर्गातल्या मुलामुलींचे वाचन ध्वनिमुद्रित करत आले. जुलैत प्रत्येकाचा एक परिच्छेद, डिसेंबरात पुन्हा तोच परिच्छेद. बी.एड.ला असताना मूल्यमापनाचे पुष्कळ तक्ते भरले होते. पण ज्या आईला अक्षर येत नाही तिच्यासमोर तक्ता ठेवून काय उपयोग? तिला कान आहेत. तिच्या लेकराचे जुलैतले वाचन आणि डिसेंबरातले वाचन तिला ऐकवावे, एवढीच कल्पना.

परवानगी मागायला गेले तेव्हा काही घरांतून प्रश्न आला. मुलींचे आवाज आहेत, व्हॉट्सॲपवर जाणार नाहीत ना? प्रश्न रास्त होता. मी शब्द दिला, आवाज दोनच ठिकाणी राहतील, माझ्या या फोनात आणि शाळेच्या संगणकात. तिसरीकडे नाही. त्यामुळे दुसऱ्या फोनवर घ्या, मेल करा, असले सोपे सल्ले मला चालणारे नव्हते. उरला एक रस्ता, ब्लूटूथ. संगणकाला उल्हासनगरच्या बाजारातून आणलेला नखाएवढा डाँगल होताच. विंडोज असताना त्याच्यावरून मी फोनातले फोटो संगणकात घेत असे.

ब्लूटूथ हे नाव दहाव्या शतकातल्या हॅराल्ड नावाच्या डॅनिश राजाच्या टोपणनावावरून आले. त्याने विखुरलेल्या टोळ्या एका छत्राखाली आणल्या, म्हणून १९९० च्या दशकात इंजिनियरांनी यंत्रे जोडणाऱ्या तंत्राला त्याचे नाव दिले. फोनवर जी निळी खूण दिसते ती त्याच्या नावाची आद्याक्षरे, जुन्या रूनी लिपीतली, एकमेकांत गुंफलेली. वर्गात हे सांगितले तर मुले खूश होतात. लिपी कुठलीही असो, दोन अक्षरे जोडून तिसरा आकार होणे त्यांच्या रोजच्या ओळखीचे.

जानेवारीतल्या शनिवारी पालकसभा ठरली होती, आणि सोमवारी पाहते तर फोन संगणकाशी जुळेना. फोनच्या यादीत संगणकाचे नाव आधीपासून होते, खाली 'जोडलेले' असेही लिहिलेले. बोट लावले की क्षणभर चक्र फिरे आणि 'जोडता आले नाही' असे उत्तर येई. संगणकाच्या बाजूने शोधले तर फोन कधी दिसे, कधी नाही. अँड्रॉइड फोन इतरांना दिसतो तो ब्लूटूथचे पान उघडे असेपर्यंतच, आणि लिनक्सला 'दिसू दे' अशी आज्ञा दिली की तो सहसा तीन मिनिटे दिसतो. शिपाई मामांनी मधेच चहा आणून ठेवला की तीन मिनिटे संपलेली.

बदलापूरला परतताना गाडीत उभ्या उभ्या मी त्या विद्यार्थ्याला फोन लावला. तो म्हणाला, "टीचर, उद्या मी सांगतो तशा आज्ञा टाइप करा." दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत आम्ही बसलो, तो फोनवर, मी काळ्या खिडकीसमोर. आधी आरएफकिल, म्हणजे रेडिओच बंद करून ठेवला आहे का ते पाहायचे. नव्हता. मग ब्लूटूथची सेवा चालू आहे का. होती. मग यूएसबीची यादी. तिथे आमच्या डाँगलने आपले नाव केंब्रिज सिलिकॉन रेडिओ असे सांगितले होते. विद्यार्थी म्हणाला, "डीमेसेग बघा." त्या लांबलचक नोंदीत एक ओळ होती. तिचा अर्थ असा, की हा सीएसआरचा बिननावाचा नकली अवतार दिसतो, सबब त्याच्यासाठी वेगळी तजवीज करत आहोत.

मला हसू आले. त्या कंपनीच्या चिपची नक्कल जगभर इतकी झाली, की लिनक्स घडवणाऱ्यांना नकली डाँगल ओळखून त्यालाही चालवून घेण्याचा बंदोबस्त मुळातच लिहून ठेवावा लागला. नकली आहे म्हणून हाकलून दिले नाही. तू म्हणतोस तो तू नाहीस हे नोंदवले आणि कामाला लावले. शाळेतल्या माणसाला ही रीत आवडण्यासारखी आहे. पण डाँगल चालत असूनही फोन जुळत नव्हता, तेव्हा निघताना मी वाट वाकडी करून उल्हासनगरला उतरले. विद्यार्थ्याचा दोष डाँगललाच होता. "दुसरा घ्या," एवढेच त्याचे म्हणणे.

उल्हासनगर म्हणजे फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना जिथे आणून ठेवले ती कल्याणची लष्करी छावणी. उल्हासनगर हे नाव मिळाले १९४९ मध्ये, पण पत्ता सांगताना लोक अजून कॅम्प नंबर सांगतात. डाँगल विकणारे दुकानदार सत्तरीच्या पुढचे, भिंग लावून फोन उघडणारे. मी सगळी हकिगत सांगितली. लिनक्स त्यांनी कधी पाहिलेले नव्हते. त्यांनी एकच विचारले, "पहले जुड़ता था?"

"जुड़ता था. विंडोज था तब."

"तो बेटी, डोंगल को क्यों गाली देती हो? फोन पुराना रिश्ता पकड़ के बैठा है. उसको बोलो भूल जाए."

गाडीत बसल्यावर मला त्याचा उलगडा झाला. दोन यंत्रे पहिल्यांदा जुळतात तेव्हा एक गुप्त किल्ली तयार होते आणि दोघे ती आपापल्याजवळ जपून ठेवतात. पुढच्या वेळी ओळख पटते ती त्या किल्लीवर. संगणकावरचे विंडोज पुसले तेव्हा त्याच्याकडची किल्ली गेली. डाँगल मात्र तोच, म्हणून त्याचा पत्ताही तोच. फोनला वाटते हा आपला जुना सोबती. तो जुनी किल्ली पुढे करतो, आणि संगणक म्हणतो, मी तुला ओळखत नाही. फोनच्या लेखी जोडी जुळलेली, संगणकाच्या लेखी अशी जोडी कधी झालीच नाही.

हे मला इतके चटकन उमगले याचे कारण वर्ग सहावी. उर्दूत अक्षरे एकमेकांचा हात धरून शब्द करतात, पण अलिफ, दाल, डाल, जाल, रे, ड़े, जे, झे आणि वाव ही नऊ अक्षरे मागच्याचा हात धरतात, पुढच्याला हात देत नाहीत. लहानपणापासून उर्दू वाचणाऱ्याच्या हे लक्षातही येत नाही. पण माझ्या वर्गात जूनमध्ये एक मुलगी आली, उत्तर प्रदेशातल्या गावाहून, तिथल्या हिंदी शाळेतून. वडील उल्हासनगरला जीन्स शिवतात. घरात बोली उर्दूच्या जवळची, लिपी मात्र देवनागरी. शब्द मधेच तुटलेला दिसला की तिला वाटे शब्द संपला. आणि पुस्तकातल्या त्या परिच्छेदात नेमका 'दरवाजा' हा शब्द. दाल, रे, वाव, अलिफ, जे, हे. सहा अक्षरे, एकही दुसऱ्याला चिकटलेले नाही. जुलैच्या ध्वनिमुद्रणात ती तिथे थांबते. द, मग र, मग व. मग बराच वेळ पंख्याचा आवाज.

तिच्या वडिलांनी प्रवेशाच्या दिवशीच मला सांगितले होते, "छह महीने देखता हूँ. कुछ नहीं आया तो गाँव भेज दूँगा, दादी के पास." गावी पाठवणे म्हणजे काय हे आपल्या वाचकांना सांगायला नको.

दुकानातून निघण्यापूर्वीची एक गोष्ट राहिली. माझ्या पिशवीतून सहावीचे उर्दू पुस्तक डोकावत होते. ते पाहून दुकानदारांनी गल्ल्याखालून एक जीर्ण वही काढली. त्यांच्या वडिलांचा हिशेब, सिंधीत, अरबी वळणाच्या लिपीत. ते स्वतः देवनागरीत शिकलेले. वही सांभाळली, वाचता येत नाही. सिंधी भाषा १९६७ मध्ये घटनेच्या आठव्या अनुसूचीत आली, पण लिहायची कशात, अरबीत की देवनागरीत, यावर तिच्याच लोकांत अजून एकमत नाही. मी दोन पाने लावून पाहिली. आकडे वाचले, 'कराची' वाचले, एका माणसाचे नाव वाचले. पुढे अडले. सिंधीत बावन्न अक्षरे. एकेकावर चार चार नुक्ते, जे आमच्या उर्दूत नाहीत. त्यांनी ते नाव दोनदा म्हणून पाहिले, वही बंद केली आणि म्हणाले, "चाचा थे मेरे." डाँगलचे पैसे काढू लागले तर म्हणाले, "पुराना चलेगा, ले जाओ."

बुधवारी मी फोनमधून संगणकाचे नाव 'विसरा' केले. संगणकाच्या यादीतही फोनची अर्धवट नोंद पडली होती, तीही काढली. मग ब्लूटूथसीटीएल उघडून आधी एजंट चालू केला, कारण जोडीचा आकडा विचारायला संगणकाच्या बाजूने कुणी हजर नसेल तर पेअरिंग तिथेच फसते. आता दोन्ही पडद्यांवर तोच सहा अंकी आकडा आला. तो दोन्हीकडे एकच आहे असे माणसाने डोळ्यांनी पाहून दोन्हीकडे होकार द्यायचा असतो. एका बाजूचा होकार चालत नाही. दिला. जुळले.

तरी पहिली फाइल संगणकाने घेतली नाही! जुळणे वेगळे, भरवसा वेगळा. 'ट्रस्ट' ही आज्ञा निराळी द्यावी लागते. तीही दिली, आणि मग एकेक फाइल येऊ लागली, मुलांची नावे उर्दूत लिहिलेली. चहा थंड व्हायच्या आत सगळा वर्ग संगणकात आला होता.

शनिवारी पालक आले, म्हणजे बहुतेक आयाच आल्या. वर्गातल्या स्पीकरवर मी प्रत्येकीला तिच्या मुलाचे दोन्ही आवाज ऐकवले, जवळ बोलावून, बाकीच्यांना लांब बसवून. त्या मुलीची आई पुढे आली. जुलैचा आवाज ऐकताना तिने मान खाली घातली. डिसेंबरच्या आवाजात 'दरवाजा' आला आणि गेला, तिला काही कळलेही नाही, कारण अडखळणे नव्हते. मी ओळखून पुन्हा लावले. "दोनों इसी की आवाज है?" तिने विचारले. मी हो म्हटले. "तो इसके अब्बा को सुनाना पड़ेगा. मेरे मोबाइल में डाल दो."

ते मला करता येत नव्हते. तिच्या एकटीच्या मुलीचा आवाज असला तरी दिलेला शब्द सगळ्या घरांना होता. मी म्हटले, त्यांना इथे पाठवा. ती म्हणाली, कारखान्यातून सुटायला उशीर होतो. मी म्हटले, मी थांबते.

पुढच्या शुक्रवारी साडेपाचला वडील आले, मुलीला घेऊन. बोटे नखांपर्यंत निळी, शर्टावर धाग्यांचे तुकडे. उभ्यानेच दोन्ही आवाज ऐकले. बराच वेळ ते पडद्याकडे पाहत होते. मग फाइलीच्या नावावर बोट ठेवून मला विचारले, "ये क्या लिखा है?"

मी काही बोलायच्या आत मुलीने वाचले. स्वतःचे नाव, मग त्यांचे नाव, मग 'दिसंबर'. त्यांनी मान हलवली. गावी पाठवण्याचा विषय त्यांनी काढला नाही, मीही काढला नाही. मी संगणक बंद केला, आणि ते दोघे स्टेशनपर्यंत माझ्या पुढे चालत होते.