न घातलेल्या टाक्यांचं देणं

उल्हासनगरच्या कॅम्प नंबर चारमधल्या एका हाडांच्या डॉक्टरांची मी कायमची देणेकरी आहे, तेही त्यांनी न केलेल्या ऑपरेशनसाठी.

अंबरनाथ स्टेशनच्या पुलावरून बदलापूर लोकलसाठी पळताना टाचेवर मागून कुणी लाथ घातल्यासारखं वाटलं. मागे कुणीच नव्हतं. बरोबरच्या बायकांनी रिक्षात घालून त्यांच्याकडे नेलं. त्यांनी पालथं झोपवून पोटऱ्या दाबल्या. डावं पाऊल हललं, उजवं ढिम्म. टाचेमागची शीर पूर्ण तुटली होती.

तुटलेलं शिवायलाच हवं, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. डॉक्टर मात्र, बाहेर एवढी रांग असताना, खुर्ची ओढून समोर बसले. नॉर्वेतल्या 526 रुग्णांचा 2022 साली प्रसिद्ध झालेला अभ्यास त्यांनी साध्या शब्दांत सांगितला. ऑपरेशन केलेले आणि न केलेले, वर्षानंतर दोघांच्याही पायाची स्थिती जवळपास सारखीच. पण शीर पुन्हा तुटण्याचं प्रमाण ऑपरेशनविना शंभरात सहा, ऑपरेशननंतर एकाहूनही कमी. हा धोका त्यांनी दडवला नाही. टाचेमागची कातडी पातळ असते, तिथली जखम चिघळली तर भरता भरत नाही, आणि मला मधुमेह.

"तुम्ही खेळाडू असतात तर वेगळं बोललो असतो. ठरवा तुम्ही," ते म्हणाले. त्यांनी ऑपरेशन सुचवलं असतं, तर मी त्याच क्षणी सही केली असती. ते त्यांना ठाऊक होतं.

मग बूट आला. तुटलेली टोकं जवळ राहावीत म्हणून आत टाचेखाली पाचरी, पाऊल खाली झुकलेलं. पाचरी एकेक करून काढायच्या, तोवर पाऊल सपाट टेकवायचं नाही, अंघोळीतसुद्धा. बदलापूरच्या फिजिओथेरपिस्ट ताई लिफ्ट नसलेल्या आमच्या इमारतीचे जिने चढून येत. मी घाई केली की रागावत, घाबरले की हात धरून वजन टाकायला लावत. शस्त्रक्रियेविना शीर सांधते ती या शिस्तीवर, हे ताईंमुळे कळलं.

अंबरनाथच्या शिवमंदिराचा गाभारा जमिनीच्या पातळीखाली आहे. त्या पायऱ्या मी आता आधाराशिवाय उतरते. एका पायावर उभं राहिलं की उजवी टाच अजून डावीइतकी उचलली जात नाही. ताईंनी त्यासाठी नवा व्यायाम दिलाय, तो रोज चालू आहे.