पोटातला गोळा कुणाचा?

मैत्रिणींनो, घरात दहावीचं वर्ष असलं म्हणजे काय होतं, ते तुम्हाला मी वेगळं सांगायला नको. टीव्हीचा आवाज बंद होतो, पाहुण्यांना ‘परीक्षा झाल्यावर या हं’ असं कळवलं जातं आणि घरातली सगळी माणसं चवड्यांवर चालायला लागतात. आमच्याकडे 2024 साली अगदी हेच चाललं होतं. धाकट्या लेकीची दहावी होती.

जानेवारीत शाळेची पूर्वपरीक्षा सुरू झाली. पहिल्या दिवशी सकाळी तिला मळमळायला लागलं. मी म्हटलं, रात्रीचं काही बाधलं असेल. दुसऱ्या दिवशी उलटी झाली. तिसऱ्या दिवशी बीजगणिताचा पेपर. सासूबाईंनी देवापाशी दिवा लावला, मी रिवाजाप्रमाणे तिच्या हातावर दही-साखर ठेवली, ती कशीबशी तिनं तोंडात टाकली आणि तशीच मोरीकडे धावली. चेहरा पांढराफटक, हातपाय गार. पेपर बुडला.

मग काय, उपायांची नुसती रीघ लागली. आलं-लिंबाचा रस झाला, आमसुलाचं पाणी झालं, सासूबाईंनी मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली. शेजारच्या वहिनींनी प्रवासात घ्यायची उलटीची गोळी आणून दिली. ‘ह्यां’चं म्हणणं, हे सगळं अभ्यास न झाल्याचं सोंग आहे. खरं सांगते, माझ्याही मनात क्षणभर तेच आलं.

शेवटी तिला आमच्या नेहमीच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी पोट तपासलं, ताप बघितला आणि मग लेकीलाच विचारलं, “रविवारी होतं का गं असं?”

“नाही.”

“मग नेमकं कधी होतं?”

लेक खाली बघून म्हणाली, “आई दही-साखर देऊन दारात उभी राहते ना, आणि माझ्याकडे बघते, तेव्हा.”

मैत्रिणींनो, त्या क्षणी मला कुठे पाहावं ते कळेना.

डॉक्टरीणबाईंनी मग आम्हा दोघींनाही नीट समजावलं. भीती वाटली की शरीर पळायच्या किंवा लढायच्या तयारीला लागतं. छाती धडधडते, रक्त हातापायांच्या स्नायूंकडे वळतं आणि पोटाचं काम मंदावतं. खाल्लेलं तिथंच रेंगाळतं, म्हणून ढवळतं. मेंदूचं आणि पोटाचं मज्जातंतूंनी जोडलेलं नातं फार जवळचं आहे. आपण ‘पोटात गोळा आला’ म्हणतो ते काही उगाच नाही. तेव्हा हे सोंग नव्हे, मुलीला खरोखरच त्रास होतो आहे. गोळीचं नाव काढताच मात्र त्यांनी कपाळाला हात लावला. प्रवासातल्या काही गोळ्यांनी गुंगी येते, पेपरात डोळे मिटायला लागतात, आणि उलटीवरच्या दुसऱ्या काही औषधांनी कोवळ्या वयात मान, जबडा आखडू शकतो. आपल्या मनानं कधीही देऊ नका, असं त्यांनी बजावलं.

त्या रात्री मला झोप लागली नाही. कारण मी दारात उभी राहून काय बघत होते, ते माझं मलाच ठाऊक होतं.

1996 साली मी दहावीला होते. गणिताच्या पेपराला असंच मळमळायला लागलं. अर्धा पेपर कोरा टाकून मी बाहेर आले, नळावर तोंड धुतलं आणि घरी येऊन ‘बरा गेला’ म्हणून सांगितलं. निकालाच्या दिवशी सगळं उघड झालं. ऑक्टोबरला पास झाले, पण तोवर अकरावीचे प्रवेश होऊन गेले होते. वडील म्हणाले, “आता शिवणाचा क्लास कर.” मला शिक्षिका व्हायचं होतं. ते राहिलंच. या गोष्टीला इतकी वर्षं झाली, पण ‘ह्यां’नासुद्धा मी ती कधी सांगितली नव्हती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गॅलरीत कपडे घड्या करता करता मी लेकीला सगळं सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “आई, म्हणजे मार्चमध्ये पेपर तू देणार आहेस की मी?”

मला हसू आलं आणि रडूही आलं. दोघीही रडलो, मग चहा केला.

त्यानंतर आम्ही काय काय बदललं ते सांगते, कदाचित तुमच्याही घरी उपयोगी पडेल.

सकाळचा बदाम घातलेला दुधाचा पेला बंद केला. भरल्या पोटी तूप, दूध जड पडतं. पेपर अकराचा असला तरी साडेदहाला वर्गात बसावं लागतं, म्हणून साडेआठलाच मेतकूट-भात, तोही चार घास. तेही नको झालं तर साळीच्या लाह्या किंवा कोरडी भाकरी. पाणी घोट घोट प्यायचं. उलटी झालीच तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून ते थोडं थोडं द्यायचं. चमचा चहाचा हं, आणि मीठ त्याहून जास्त नको.

आठवडाभर आधी आम्ही परीक्षेच्या केंद्रावर जाऊन आलो. जिना कुठे, नळ कुठे, सगळं तिनं बघून घेतलं. मनात चार आकडे मोजत श्वास घ्यायचा आणि सहा मोजत सोडायचा, याची रोज रात्री सवय केली. कंपासपेटीबरोबर एक रुमाल आणि कागदी पिशवी ठेवली. ‘आलीच उलटी तर पिशवी आहे’ एवढं मनाला कळलं तरी अर्धी भीती जाते. पर्यवेक्षकांनाही आधी सांगून ठेवायचं ठरवलं.

आणि दही-साखर? ती सासूबाईंनी देवापुढेच ठेवली. म्हणाल्या, “देव खाईल, तिला नको.” मी दारात उभी राहणं सोडलं. मुद्दाम त्या वेळी कुकर लावायला घेत असे.

मोठं वळण मात्र आणखी एका गोष्टीनं मिळालं. मी तिला सांगितलं, की माझ्या वेळचे दिवस आता राहिले नाहीत. 2015 पासून निकालानंतर लगेचच पुरवणी परीक्षा होते, त्यामुळे एखादा विषय राहिला तरी आख्खं वर्ष जात नाही. मी हे सांगितलं तेव्हा तिचे खांदे खाली आलेले मी पाहिले.

पहिल्या पेपराला उलटी झालीच बरं का! तिनं चूळ भरली, पाच मिनिटं बसली आणि रिक्षात बसून गेली. बीजगणिताला नुसतं मळमळलं. निकालात गुण बेताचेच होते, पण सगळे पेपर तिनं पुरे लिहिले होते.

एक गोष्ट मात्र विसरू नका. प्रत्येक मळमळ भीतीची नसते. ताप असेल, पोट उजवीकडे खाली दुखत असेल, उलटीत रक्त दिसलं, डोळे पिवळे वाटले, पाणीही ठरत नसेल किंवा सुट्टीतही त्रास थांबत नसेल, तर लगेच डॉक्टर गाठा. आणि मूल ‘मला जगायचंच नाही’ असं काही बोललं, तर रागावू नका, ऐकून घ्या आणि त्याला एकटं सोडू नका. ‘टेलि-मानस’चा 14416 हा फोन सरकारनं अशा वेळेसाठीच ठेवला आहे.

यंदा तुमच्या घरी दहावी-बारावी असेल, तर मुलाला औषध देण्याआधी एकदा स्वतःच्या पोटावर हात ठेवून बघा. एखादा जुना गोळा अजून तिथेच असेल, तर तो मुलाच्या हातावर दही-साखरेबरोबर ठेवू नका.